कोणाचाही हात न लागलेले

यंदा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मागून तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या काळ्या टी-शर्टावर पांढऱ्या रेषांची एक आकृती असते. एकाखाली एक अशा रेषा. दोन्ही कडांना सपाट, मध्यभागी उसळलेल्या. सह्याद्रीच्या रांगांचे कोणी केलेले रेखाटन असावे असे आमच्यापैकी एकीला बरेच दिवस वाटत होते. दुसऱ्याने ती आकृती पाहताक्षणी ओळखली. कारण वसतिगृहातल्या दिवसांत कोणाच्या तरी संगणकावरून उतरवून घेतलेल्या सीडीवर त्याने तो अल्बम कित्येक रात्री ऐकला होता. मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या बँडचा पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स', आणि त्याचे हे मुखपृष्ठ.

तास संपल्यावर त्यावरून बोलणे निघाले. विद्यार्थी म्हणाला, "सर, हा एकदम रॉ अल्बम आहे. कुणी ढवळाढवळ केलेली नाही. म्हणून तर इंडिपेंडंट." हे वाक्य एरवी आम्ही सोडून दिले असते. तेवीस वर्षांच्या मुलाने आवडत्या अल्बमविषयी थोडे जास्त बोलावे, यात वावगे काही नाही. परंतु याच मुलाचा कवितासंग्रह दिवाळीनंतर प्रसिद्ध झाला. घरून आणलेले पैसे एका प्रकाशकाला देऊन तो काढला आहे. त्यात तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीने अर्थ बदलला आहे, एक कविता दोनदा छापली गेली आहे, आणि जी खरोखर चांगली आहे तिच्या शेवटी चार अनावश्यक ओळी लोंबत आहेत. आम्ही त्या चार ओळींकडे बोट दाखवले, तेव्हा उत्तर आले, "मॅडम, एडिट केलं की आवाज जातो. माझं पुस्तक स्वतंत्र आहे, कुणाचाही हात लागलेला नाही."

दोन्ही वाक्यांत शब्द एकच आहे. आणि तो दोन्ही ठिकाणी चुकीचा वापरला आहे. आम्हांला भांडायचे आहे ते या मुलाशी नव्हे. कलाकृतीवर दुसऱ्या कोणाचा हात पडला की तिचे स्वातंत्र्य बाटते, ही जी समजूत आपण सर्वांनी, विशेषतः आम्ही वाङ्मय शिकवणाऱ्यांनी, वर्षानुवर्षे वर्गात पसरवली आहे, तिच्याशी आमचे भांडण आहे. आणि ज्या अल्बमची साक्ष तो विद्यार्थी काढतो, तोच अल्बम या समजुतीविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष आहे.

'अननोन प्लेझर्स' कसा घडला ते पाहू.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. त्यांत सॅल्फर्डचे बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन मित्र होते. दुसऱ्याच दिवशी हुकने बेस गिटार विकत घेतली. पुढे गायक म्हणून इयन कर्टिस आला, ड्रमवर स्टीव्हन मॉरिस आला, आणि 'वॉर्सा' नावाने वाजवत असलेला हा बँड १९७८ च्या सुरुवातीला 'जॉय डिव्हिजन' झाला. कोणी नोकरी करत होते, कोणी नोकरीच्या शोधात होते. कर्टिस स्वतः रोजगार विनिमय केंद्रात काम करत असे.

आता जरा सावकाश जाऊ; कारण या बँडने अल्बमपूर्वी दोन प्रयोग केले आणि आमच्या विद्यार्थ्याने ज्याला स्वातंत्र्य म्हटले ते या दोहोंपैकी पहिल्यात तंतोतंत सापडते. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी ओल्डमच्या एका स्टुडिओत चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जून १९७८ मध्ये 'ॲन आयडियल फॉर लिव्हिंग' या नावाची सात इंची तबकडी स्वतःच काढली. लेबल स्वतःचे, वेष्टन स्वतःचे, निर्णय सगळे स्वतःचे. कोणाचाही हात लागलेला नाही! झाले काय, तर एवढ्या लहान तबकडीत चार गाणी कोंबल्यामुळे आवाज इतका क्षीण आणि गढूळ उमटला, की बँडलाच तो ऐकवेना. काही महिन्यांनी तीच गाणी बारा इंची तबकडीवर पुन्हा काढावी लागली.

दुसरा प्रयोग नेमका उलट. मे १९७८ मध्ये आरसीए या बड्या कंपनीच्या आशेवर त्यांनी मँचेस्टरच्या ॲरो स्टुडिओत एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. काटेकोर पाहिले तर हाच त्यांचा खरा पहिला अल्बम. पण त्यावर नंतर सिंथेसायझरचे थर चढवले गेले. बँडला न विचारता केलेली ही सजावट त्यांना पसंत पडली नाही. त्यांनी पैसे मोजून त्या करारातून आपली सुटका करून घेतली आणि तो अल्बम त्या वेळी निघालाच नाही.

म्हणजे एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत शिरताना या चौघांना दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक होत्या. आपण एकट्याने केले तर ते कसे वाजते, आणि दुसऱ्याच्या हाती सोपवले तर काय होते. या दोन्ही अनुभवांनंतर त्यांना मिळाला मार्टिन हॅनेट.

हॅनेट हा प्रोड्यूसर. मराठीत 'निर्माता' म्हटले की पैसे घालणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही इंग्रजी शब्दच ठेवतो. ध्वनिमुद्रण कसे व्हावे, कोणता आवाज किती अंतरावरून ऐकू यावा, काय ठेवावे आणि काय काढावे हे ठरवणारा तो. हा माणूस सौम्य संपादकांच्या पंथातला नव्हता. ड्रमच्या प्रत्येक भागाचा आवाज त्याला सुटा हवा होता, दुसऱ्या भागाचा त्यात पुसटसाही शिरकाव नको होता. म्हणून मॉरिसला संपूर्ण ताल एकत्र वाजवू न देता एकेक वाद्य वेगळे वाजवायला लावले. ज्याने ड्रम वाजवणारा माणूस पाहिला आहे त्याला कळेल, की चालत्या माणसाला एकेक पाय वेगवेगळ्या दिवशी टाकायला सांगण्यासारखे हे आहे. मग त्या सुट्या आवाजांना त्याने डिजिटल डिले नावाच्या, त्या काळी नव्याच असलेल्या यंत्रातून फिरवले, आणि एखाद्या ओस पडलेल्या गोदामात कोणी हातोडी मारावी तसा तो ताल वाजू लागला. एका गाण्यात ताल म्हणून फवाऱ्याच्या डब्याचा फुस्स आवाज आहे. एका गाण्याच्या आरंभी उद्वाहनाची घरघर आहे. त्याच गाण्यासाठी कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला, कारण हॅनेटला त्या आवाजात दूरत्व हवे होते. शेवटच्या गाण्यात काच फुटते. मिश्रणाच्या वेळी बँडने आसपास फिरकू नये असाही त्याचा प्रयत्न असे. हे सगळे आटोपले ते तीन शनिवार-रविवारांत.

बँडला काय वाटले? हुक आणि समनर दोघेही नाराज झाले. रंगमंचावर ते आक्रमक, कर्कश, अंगावर धावून येणारे संगीत वाजवत. गिटारचा खणखणाट हा त्यांचा अभिमान होता. तबकडीवर तो खणखणाट मागे हटला होता, पोकळी पुढे आली होती. हे आपण नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी लपवले नाही. पुढे कित्येक वर्षांनी हुकने, आपले तेव्हा चुकले होते, हेही मोकळेपणाने सांगितले. पण ते पुढे.

मुखपृष्ठाची कथाही अशीच. केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात बँडला ती आकृती सापडली. १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांनी शोधलेल्या पहिल्या पल्सारच्या स्पंदनांचा तो आलेख. एकामागून एक आलेली ऐंशी स्पंदने, एकाखाली एक मांडलेली. मूळ आलेख कॉर्नेल विद्यापीठातल्या हॅरल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या पीएच.डी. प्रबंधातला. (प्रबंधांना असेही पुनर्जन्म लाभतात, हे आमच्या व्यवसायबंधूंना दिलासादायक वाटावे.) पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या आणि बँडला त्या तशाच हव्या होत्या. पीटर सॅव्हिल या तरुण आरेखनकाराने त्यांची इच्छा बाजूला सारून काळ्यावर पांढऱ्या रेषा केल्या आणि दर्शनी भागावर बँडचे नावही ठेवले नाही. आमच्या विद्यार्थ्याचा टी-शर्ट काळा आहे तो या अवज्ञेमुळे.

तेव्हा हिशेब असा. आवाज बँडला हवा होता तसा नाही. मुखपृष्ठ हवे होते तसे नाही. मुखपृष्ठावरची आकृती तिसऱ्याच कोणाच्या संशोधनातली. 'कुणी ढवळाढवळ केलेली नाही' असा हा अल्बम!

येथे प्रतिपक्ष म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की मग हा अल्बम स्वतंत्र कसला? हॅनेटने त्या चौघांवर अन्यायच केला. १८ डिसेंबर १९७९ च्या पॅरिसमधल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐका म्हणजे खरा बँड कळेल, हॅनेटने काय गाडले ते कळेल. आम्ही ते ऐकले आहे. ते थोर आहे, यात शंका नाही. हॅनेटने काहीतरी गाडले, हेही आम्ही मान्य करतो. प्रत्येक संपादनात काहीतरी गाडले जाते आणि जे गेले त्याची हळहळ खरी असते. पण त्या मैफलीतला बँड त्या काळातल्या इतर संतप्त बँडांचा सख्खा भाऊ वाटतो. अल्बममधला बँड कोणाचाच नातलग नाही. कर्टिसचे शब्द ज्या अंतरावरून लिहिले गेले होते ते अंतर त्या चौघांना स्वतःच्या वाजवण्यात ऐकू येत नव्हते. ते हॅनेटला ऐकू आले.

मग आरसीएच्या त्या अल्बमवर चढवलेल्या सिंथेसायझरच्या थरांत आणि हॅनेटच्या करामतींत फरक कोणता? वरवर पाहता दोन्ही ढवळाढवळच. आमच्या मते फरक असा, की पहिल्या हाताला ते गाणे आधीच खपत असलेल्या दुसऱ्या कशासारखे तरी करायचे होते. दुसऱ्या हाताला ते अधिक स्वतःसारखे करायचे होते. परंतु येथे आम्ही स्वतःलाच अडवतो. हा फरक आज, इतक्या वर्षांनंतर, आम्हांला दिसतो. १९७९ च्या एप्रिलमध्ये त्या स्टुडिओत बसलेल्या हुकला तो कसा दिसावा? ज्याच्या कृतीवर हात पडतो त्याला दोन्ही हात सारखेच झोंबतात. आमच्या विद्यार्थ्याला आमचे पेन्सिलीचे बोट झोंबले तसेच. 'हे तुझ्या भल्याचे आहे' असे आरसीएवालेही म्हणालेच असणार.

म्हणून स्वातंत्र्याचे उत्तर आवाजात शोधून भागत नाही. ते करारात शोधावे लागते. साहित्याच्या माणसांना करार वाचण्याचा कंटाळा असतो, आणि त्या कंटाळ्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत.

फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी म्हणजे काय होते? ग्रॅनडा टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करणारा टोनी विल्सन, त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस, हॅनेट, सॅव्हिल, आणि पुढे बँडचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन. कचेरी म्हणजे इरॅस्मसचे राहते घर. पहिल्या दहा हजार प्रतींसाठी विल्सनने स्वतःची साठवलेली साडेआठ हजार पौंडांची पुंजी ओतली. खर्च वजा जाता उरेल त्याचे अर्धे कंपनीला, अर्धे बँडला. आणि मुख्य म्हणजे, ध्वनिमुद्रणाची मालकी बँडची, कंपनीची नव्हे. बँडला वाटेल तेव्हा तो निघून जाऊ शकेल. विल्सनने हे स्वतःच्या रक्ताने लिहून दिले अशी दंतकथा आहे. रक्ताचे आम्ही सोडून देतो. पण १९९२ मध्ये फॅक्टरी बुडाली आणि लंडन रेकॉर्ड्स ती विकत घ्यायला आली, तेव्हा विकण्यासारखे फॅक्टरीकडे फारसे काही नाहीच, ध्वनिमुद्रणे बँडांचीच आहेत, हे उघड झाले. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच. स्वतः हॅनेटही शेवटी पैशांच्या वादावरून आपल्याच भागीदारांविरुद्ध कोर्टात गेला होता. आम्ही कोणत्याही सत्ययुगाची कथा सांगत नाही आहोत.

पण आता मागे वळून त्या स्टुडिओकडे पाहा. आरसीएच्या वेळी बँडला नकार द्यायचा तर पैसे मोजून आपलीच गाणी सोडवून आणावी लागली. स्ट्रॉबेरीत गाणी मुळात त्यांचीच होती. हॅनेट कितीही हट्टी असो, तो त्यांच्या मालकीच्या घरात भिंत पाडत होता. घर बळकावत नव्हता. शिवाय नुकसान झाले तर ते विल्सनच्या पुंजीत होणार होते. दुसऱ्याचा इतका जबर हात त्यांना सोसता आला, आणि त्यानंतरही दुसऱ्या अल्बमसाठी ते त्याच हॅनेटकडे गेले, याचे कारण आमच्या मते येथे आहे. मालकी ज्याची त्याच्यापाशी असेल, तर संपादकाशी कडाकडा भांडता येते आणि भांडून त्याचे ऐकताही येते. मालकी गेलेली असेल तर प्रत्येक सूचना जप्तीच्या नोटिशीसारखी वाटते.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण 'स्वतंत्र' हा शब्द आमचा विद्यार्थी मँचेस्टरहून शिकलेला नाही. तो आम्ही त्याला शिकवला. लघुअनियतकालिकांच्या चळवळीवर आम्ही दरवर्षी चार तास घेतो. 'सत्यकथे'च्या अंकाची होळी, प्रस्थापित संपादकांविरुद्धचे बंड, सायक्लोस्टाइल केलेले अंक, हे सांगताना आमचा स्वर चढतो आणि मुले जागी होतात. जे आम्ही सांगत नाही ते हे, की त्या चळवळीतली माणसे संपादनाविरुद्ध नव्हती. ती विशिष्ट अभिरुचीच्या मक्तेदारीविरुद्ध होती. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये काढलेला 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह हातात घेऊन पाहा. त्यातले एक पानही कोणाचा हात न लागलेले वाटत नाही. आम्ही होळी शिकवली, ते पुस्तक कधी वर्गात फिरवले नाही.

त्याचे फळ समोर आहे. आज मराठीत 'स्वतंत्रपणे' पुस्तक काढणे याचा व्यवहारातला अर्थ काय? लेखक पैसे देतो, प्रकाशक छापतो, हस्तलिखित कोणीही वाचत नाही. विल्सनच्या उलट, सगळा तोटा लेखकाचा. करार बहुधा नसतोच, आणि असला तर त्यात हक्क कोणाकडे राहतात हे लेखकाने पाहिलेले नसते. म्हणजे मालकीही संदिग्ध आणि संपादकही नाही. आरसीएचा तोटा आणि ओल्डमचा गढूळ आवाज, दोन्ही एकाच पुस्तकात. आणि याला आपण स्वातंत्र्य म्हणतो!

विद्यार्थ्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हाही प्रश्न आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांक जोडले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला भाव आला. आमच्यापैकी एकाने त्या काळात स्वतःचा प्रबंध पैसे देऊन पुस्तकरूपाने काढला. प्रबंधातले 'प्रस्तुत संशोधकाच्या मते' हे शब्दसुद्धा बदललेले नाहीत. प्रकाशकाने ते वाचले नाही, परीक्षण करणाऱ्या मित्राने वाचले नाही, ग्रंथालयातल्या प्रतीची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. गुण मात्र मिळाले. त्या पुस्तकाला कोणीतरी हॅनेट भेटायला हवा होता, असे आता वाटते. तेव्हा भेटला असता तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवले असते.

यंदा विभागाच्या वार्षिक अंकाचे काम आमच्याकडे आहे. आम्ही एक गोष्ट ठरवली. आलेल्या प्रत्येक कवितेवर पेन्सिलीने खुणा करून ती परत द्यायची. खुणेखाली कारण लिहायचे. आणि कविता कवीच्या संमतीवाचून छापायची नाही, हे त्याच कागदावर सही करून द्यायचे. तिघांनी कविता परत नेल्या. तो त्यांचा अधिकार आहे. काळ्या टी-शर्टवाल्याने आपली ती चांगली कविता पुन्हा दिली आहे, शेवटच्या चार ओळींपैकी तीन काढून. चौथी राहिलीच पाहिजे असे त्याचे म्हणणे आहे. ती जायला हवी असे आमचे. अंक महिनाअखेरीस छापायला जायचा आहे आणि सोमवारी तो पुन्हा भांडायला येणार आहे.